न्हाय म्हणलं तर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तो मला एकदाच भेटला. भरधाव गाडी चालवल्याचा खटला आम्हा दोघांवरही होता. माझी मोटारसायकल, त्याची गावोगावचे प्रवासी भरून नेणारी वडापची जीप. पुकारा झाला की सगळे दाराकडे झेपावायचे. हा पन्नाशीचा जीपवाला मात्र मागं राहायचा, दोन्ही हात जरासे पसरून, जणू कुणी पांगू नये म्हणून.

"तात्या, मेंढरं राखायचा काय तुम्ही?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "व्हय. औंदा इकली. लोणी भापकर गावच्या पाहुण्याला."

दिवाळीनंतर ती विकलेली मेंढरं नव्या मालकाबरोबर कोकणाच्या वाटेला लागली, हे त्याला सुप्याच्या स्टँडवर कळलं. प्रवासी उतरवून त्यानं रिकामी जीप पळवली. वाटेत पोलिसानं अडवलं. तिथनं सुटून पुढं पोचला, तेव्हा माळावर नुसता धुरळा उरला होता.

वकील त्याला समजावत होता, वेग कुणी मोजलेला नाही, नाकबूल करा, सुटाल. मीही तेच ठरवून आलो होतो.

"न्हाय म्हणलं," तो हळूच म्हणाला, "तर मी त्यांच्यामागं पळालोच न्हाय, असं हुईल की."

आत साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"व्हय," तो म्हणाला.

बाहेर पडतानाही तो सगळ्यांच्या मागं होता, हात तसेच पसरलेले.

मी नाकबूल केलं. पुढं सुटलोही. त्या दिवशी एवढ्या घाईनं मी कुणाकडं निघालो होतो, ते मात्र आता आठवत नाही.