डाव्या बाजूचे दोन पंजे

जेवायला बसलं की मला डावा हात मांडीखाली दाबून बसावं लागायचं. चुकून बाहेर आला तर बाबांची चापट ठरलेली. मी डावखुरी. देवानंच असं केलं त्याला मी काय करू, असं एकदा म्हटलं, तर आणखी एक बसली. हे सांगताना आता मला राग येत नाही. म्हणजे फारसा येत नाही.

बाबा पलंगाचे पाय कोरायचे. फक्त पाय. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत त्यांचं काम. पलंग आणि दिवाण दुसरे सुतार करायचे, पायांसाठी सागवानाचे ठोकळे आमच्याकडं यायचे. बाबा त्यातून वाघाचे पंजे काढायचे, बोटं, गाठी, नख्या सगळं. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, हवेल्या भाड्यानं लागल्या होत्या, पण पंजाच्या पलंगाची हौस काही गेली नव्हती. आधी ती हवेलीवाल्यांना होती, मग कन्नड तालुक्यातल्या ऊसवाल्यांना लागली. लेकीच्या लग्नात पंजाचा पलंग द्यायचा म्हणजे द्यायचाच.

एका पलंगाचे चारही पाय एकाच हातानं कोरायचे, हा बाबांचा नियम. दोन उजव्या बाजूचे, दोन डाव्या. उजव्या पंजांच्या नख्या उजवीकडं वळलेल्या, डाव्यांच्या डावीकडं. उजवे पंजे ते हां हां म्हणता उरकायचे. डाव्यांशी मात्र त्यांची झटापट चालायची. पटाशी अंगावरून आडवी आणावी लागे, ठोकळा सारखा फिरवावा लागे, आणि एवढं करून त्या नख्या जरा ताठच राहायच्या. गिऱ्हाइकाला कळायचं नाही. मला कळायचं, कारण घासकागद मारायला पाय माझ्याकडं यायचे. बाबा वखारीत लाकूड बघायला गेले की मी टाकाऊ तुकड्यांवर डाव्या हातानं पटाशी चालवून बघायचे आणि नंतर ते तुकडे चुलीत घालायचे. आईला माहीत होतं. ती एवढंच म्हणायची, "तुझ्या बापाला कळू देऊ नको म्हंजे झालं."

बाविशी उलटली तरी माझं लग्न जमत नव्हतं. बघायला आलेल्यांसमोर मी सगळं उजव्या हातानं करायचे. पण पडेगावच्या एका बाईंनी मला सुपारी कातरायला लावली आणि बिंग फुटलं. सून डाव्या हातानं वाढणार का, असं विचारून बाई उठल्या. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, जसा काही तो हात मी बाजारातून निवडून आणला होता.

त्याच साली कन्नडच्या एका बागायतदाराचं, लेकीच्या लग्नाच्या पलंगाचं काम आलं. बाबांनी नेहमीसारखे आधी दोन उजवे पंजे संपवले. तिसऱ्या ठोकळ्यावर आखणी करत असताना त्यांच्या हातातून पेन्सिल गळाली. लकवा. उजवं अंग गेलं. जीभ महिन्याभरात परत वळायला लागली, हात काही आला नाही. आणि बाबा डाव्या हातानं जेवेनात. आई भरवायची. पन्नाशीचा माणूस, चिडायचा, तोंड मिटून घ्यायचा, पण डावा हात ताटाला लावायचा नाही. मला त्यांची कीव यायची, आणि कीव येते याचा संताप यायचा.

बागायतदाराकडचं लग्न महिन्यावर आलं तेव्हा बाबा आईला म्हणाले, "ठोकळे परत धाडून दे. माझे दोन पायबी दे. दुसरा कोणी चारी नवे करील."

याचा अर्थ आम्हाला कळत होता. एकदा काम परत गेलं की या घरात पुन्हा ठोकळा येणार नव्हता, आणि बाबा उरलेलं आयुष्य खाटेवर पडून काढणार होते.

"मी करते," मी म्हटलं.

"उजव्या हातानं येतं?"

"नाय."

"मग गप बस. नव्या नवरीच्या पलंगाला डावा हात लावती का?"

"मग काय करू, वाळवीला घालू ठोकळे?" मी ओरडलेच.

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोरच तिसरा ठोकळा शिकंज्यात आवळला. ते नको म्हणाले असते तरी मी थांबले नसते. पण ते नुसते भिंतीकडं बघत पडून राहिले.

चौथ्या दिवशी भिंतीकडून आवाज आला, "रेषेच्या उलटं चाललीस. लाकूड फाटतंय, ऐकू येईना का? खालून वर घे."

मी खालून वर घेतलं. आवाज बदलला, पातळ सालपं सुटून पडायला लागली. मग ते रोज बोलायला लागले, तोंड भिंतीकडं ठेवूनच. "आता दाबू नको." "हां, असं." "अगं बये, नखीला गोल पटाशी घे की!" एकदाही वळून पाहिलं नाही. आणि मी लई सुखात होते. तेवढं सुख पुढं लग्न होऊनही मला मिळालं नाही.

पंजे झाले. पॉलिश करायला चाचा आले, बाबांचे जुने दोस्त. त्यांनी चारही पाय ओळीनं मांडले, बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "उल्टे हात का काम है ना बेटा? हौ, मेरेकु दिखता." मग खाटेकडं वळून मोठ्यानं, "भाईजान, ये दो तो तुम्हारे से बी अच्छे हुए!" बाबांनी डोळे मिटून घेतले.

कन्नडचे मालक जीप घेऊन आले तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं.

"हात गेला म्हणं तुमचा. मग हे कोणी केलं?"

माझा हात पिठातच थांबला.

"मीच," बाबा म्हणाले. "पडायच्या आधीच झालते."

"तरीच. चारी एका हाताचे दिसत्यात."

जीप गेली. मी भाकरी तव्यावर आपटली. आई म्हणाली, "अगं, जळंल ती." म्हटलं, जळू दे. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं ते माझं नाव घेतील. नाव नाही तर नाही, पोरीनं हात लावला एवढं तरी म्हणतील.

आईनं त्यांना उठवून बसवलं, ताट पुढं ठेवलं आणि घास मोडला. बाबांनी तिचा हात बाजूला सारला. मग डावा हात उचलून भाकरीवर ठेवला. तुकडा मोडेना. भाकरी नुसती ताटात फिरायला लागली.

मी समोरच बसले होते, सवयीनं डावा हात मांडीखाली दाबून.

"बघत काय बसलीस?" ते माझ्यावर खेकसले. "काढ की हात वर. कसं मोडायचं ते दाव."

मी हात बाहेर काढला. इतका वेळ दाबून तो बधिर झाला होता, लगेच चालेना. बाबा थांबले.