क्युबाचा उसाचा रस

आखातात, गाला नावाच्या औद्योगिक भागात आमच्या ऑफिससमोर ज्यूसचं एक दुकान होतं. तिथला माणूस रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. मोहितो करताना तो पुदिन्याची पानं तळहातावर ठेवून टाळी वाजवायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मगच ती ग्लासात टाकायचा. वर लिंबू, साखर, सोडा. "घ्या साहेब, अस्सल क्युबाचा! रम तेवढी नाय."

एका दुपारी शेजारच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला टाकून एक गोरा प्रवासी तिथे आला. तो क्युबा फिरून आलेला. मोहितो त्याला आवडला. पण क्युबात रस्त्यावर लोक बर्फ घालून उसाचा रस पितात, असंही तो म्हणाला. मी ते ज्यूसवाल्याला मराठीत सांगितलं.

"उसाचा? म्हणजे आपला?"

"आपलाच."

"या अल्ला! आणि मी सहा वर्षं टाळ्या वाजवतोय!"

पंधरा दिवसांत दुकानात चरक आला आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत 'क्युबन ड्रिंक' लिहिलं गेलं. आमच्या ऑफिसातले कोल्हापूरचे दोघं रोज तेच मागवू लागले. एकदा मी हळूच विचारलं, "सरळ उसाचा रस असं का नाही लिहीत?"

चरकात ऊस सारता सारता तो म्हणाला, "तसं लिहिलं तर सगळ्यांना गाव आठवेल, साहेब. दुपारी परत कामावर जायचंय ना त्यांना!"