कॉइल जळली, असं मी म्हणालो

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. धरमपेठेत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, एक बाकडं आणि माझी जीभ. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, दिवे ही कामं मला चांगली यायची. जी येत नसत ती मी जिभेवर निभावून न्यायचो.

गाडीत एसी असलेली माणसं तेव्हा नागपुरात बोटांवर मोजावी इतकीच. त्यांतले एक आमचे शेठजी. गांधीबागेत कापडाचा ठोक धंदा, धरमपेठेत बंगला. त्यांनी दिल्लीला गाडी पाठवून एसी बसवून आणला आणि भर मे महिन्यात काचा वर करून गावभर मिरवले. बाहेर आम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून उन्हाशी झुंजत होतो आणि आत हे गृहस्थ कोट घालून बसलेले. तो कोट केवळ आम्हाला जळवण्यासाठी होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

पंधरा-वीस दिवसांत एसी रुसला. पंखा फिरायचा, पण वारा भट्टीतला. एका दुपारी मला बंगल्यावर बोलावणं आलं, आणि खरं सांगतो, माझा आनंद गगनात मावेना. शेठजींचा कोट उतरलेला बघायला मिळणार होता.

पोर्चमध्ये गाडी उभी होती. शेठजी बनियनवर येरझारा घालत होते. त्यांची आई वेताच्या खुर्चीत बसली होती आणि गाडीला टेकून ड्रायव्हर उभा होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, उमरेडकडच्या विणकराच्या घरातला. हातमाग बंद पडला तेव्हा त्याने स्टिअरिंग धरलं, ते चौदा वर्षं याच घरात.

मी टेस्ट लॅम्प काढला. एक बल्ब आणि दोन वायरी, आमचं सगळं वैद्यक एवढ्यावर चालतं. एक टोक बॅटरीच्या मायनसला अडकवलं आणि दुसऱ्याने एकेक जागा तपासत गेलो. फ्यूज पाहिला, बल्ब पेटला. स्विच पाहिला, पेटला. थर्मोस्टॅट, तोही ठीक. शेवटी कॉम्प्रेसरपाशी पोचलो. त्याच्या पुलीवर विजेचा एक क्लच असतो. क्लचच्या कॉइलमध्ये वीज शिरली की तो चुंबकासारखा टक् करून चिकटतो आणि गारवा सुरू होतो. इथे कॉइलच्या वायरीवर बल्ब झकास पेटत होता, पण टक् काही होत नव्हतं.

गाडीतला एसी मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा उघडून बघत होतो. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कॉइल जळली," मी म्हणालो.

"काहून जळली?" शेठजींनी विचारलं.

काहून ते मला कुठे माहीत होतं? पण गप्प बसेन तर तो मी कसला! "अशी आपोआप नाही जळत, शेठजी. गाडी उभी ठेवून कोणी तासन् तास एसी चालवला, तर जळते."

बोललो आणि मग माझ्या लक्षात आलं, उभ्या गाडीत तासन् तास बसायची पाळी या घरात एकाच माणसावर येत होती. शेठजींच्याही ते लक्षात आलं.

"मी दुकानात मरून राहिलो, अन् हा भाऊ गाडीत बसून थंडी खाऊन राहिला! चाबी ठेव. उद्यापासून येऊ नको."

"मी एसीले हात नाई लावला, शेठजी," ड्रायव्हर म्हणाला. त्याने खिशातून चावी काढली आणि मडगार्डवर ठेवली. त्या वयाच्या माणसाला दुसरी गाडी कोण देणार होतं? आपण काय बोलून बसलो ते मला कळलं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. मी भित्रा होतो, दुसरं काय!

एवढं मात्र केलं. कॉइल खरंच मेली आहे का ते बघावं म्हणून बॅटरीपासून दोन वायरी थेट तिला लावल्या.

टक्!

कॉइल ठणठणीत होती.

"हे काय झालं?" शेठजींनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चूक आता कळत होती. वीज जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. माझ्या बल्बला परतीची वाट मी थेट बॅटरीची दिली होती, म्हणून तो ऐटीत पेटत होता. कॉइलची परतीची वायर, म्हणजे अर्थिंग, कुठे जाते हे मी पाहिलंच नव्हतं. ती गाडीच्या समोरच्या जाळीमागे एका स्क्रूला आवळलेली होती. जाळी काढली. स्क्रूवर हिरवा-पांढरा थर चढला होता, खालचा पत्रा गंजून फुगला होता आणि त्या सगळ्यात वाळ्याच्या काड्या अडकल्या होत्या. वासही आला, ओल्या वाळ्याचा.

आमच्या नागपुरात गारवा म्हणजे ओला वाळा. कूलरला वाळा, खिडकीला वाळा, माठात वाळा. कोणीतरी या विलायती यंत्रालाही वाळ्याची ताटी बांधून रोज विहिरीचं खारं पाणी पाजलं होतं.

"हे कोणाचं काम?" शेठजी ओरडले. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता.

"माह्यं," वेताच्या खुर्चीतून आवाज आला. "तू दुपारी जेवून झोपला का मी ताटी बांधून पाणी मारत होती, अन् तू उठाच्या आत सोडून ठेवत होती. कोरडी मशीन कुठं थंडी देते, बावा? बादल्या यानं आणून देल्ल्या. तुले सांगू नको म्हणून मीच सांगतलं होतं त्याले."

खरं तर म्हातारी अगदीच चूक नव्हती. जाळीमागच्या नळ्यांवर पाणी पडलं की एसी जास्त गार करतो. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

"पण माय..."

"ज्यानं बिघडवलं त्याले काढून राहिला ना तू? मंग मले काढ. या वयात मले दुसऱ्या घरी कोण ठेवीन, थे सांग, अन् काढ."

शेठजींनी आईकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. मडगार्डवरची चावी उचलून त्याच्या हातात दिली. माफी वगैरे काही नाही. "काम झालं का याले याच्या दुकानावर सोडून ये," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी पत्रा घासला, वायर नव्या जागी आवळली. टक् झालं. वारा गार आला.

परत जाताना मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. त्याने एसी लावला नाही, काचा खाली केल्या. लू तोंडावर येत होती. थोडं अंतर गेल्यावर न राहवून मी विचारलं, "नोकरी जात होती, तरी आजीचं नाव का नाही सांगितलं?"

"तिनं सांगू नको म्हटलं होतं."

माझी टपरी आली. मी उतरलो. त्याने इंजिन बंद केलं नाही, आवाजही चढवला नाही.

"तुले येत नव्हतं, त मले हळूच सांगाचं होतं ना गा," तो म्हणाला. "थेही मी कोणाले सांगतलं नसतं."