वच्छीमामीच्या गावाला नेलेली मदत

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्यामुळे नदीला पूर आला तेव्हा तोही माझ्याकडेच सोपवण्यात आला.

पूर आमच्या गावात नव्हता, मामाच्या गावात होता. माणसं आणि ढोरं वेळेवर टेकाडावरच्या शाळेत पोचली, पण घरांत कमरेएवढं पाणी. मला मोठं कुतूहल : पुरातल्या माणसाला नेमकं लागतं तरी काय? बाबांनी (चौथी पास) उपाय सुचवला.

"मामाले फोन लाव अन इचार."

"बाबा, संकटातल्या माणसाला असं विचारत नसतात. आपण ओळखायचं असतं."

"पुरात घर बुडते, वाचा नाई बुडत! लाव फोन!"

लावला नाही. बी.ए.ला समाजशास्त्र होतं माझं!

मी गावात हाक दिली आणि काय सांगू, घराघरातून नव्याकोऱ्या साड्या आल्या! घडीसुद्धा न मोडलेल्या! मी भारावून गेलो. (आमच्याकडे आहेराची साडी कुणी नेसत नाही. ती या लग्नातून त्या लग्नात फिरते, एवढंच. हे मला भारावण्याच्या भरात आठवलं नाही.) आई शेतात गेलती, म्हणून तिची पेटी मीच रिकामी केली.

"आत्याबाईले इचारलं का?" बायको म्हणाली. (आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई.)

"दानात काय विचारायचं!"

गाडीजवळ आलो तर बाबांनी आत कुटाराची पोती भरून ठेवलेली. सोयाबीनचं भुसकट! मदतीच्या गाडीत! मी सगळी उतरवली. "बाबा, माणसांसाठी मदत चालली आहे." बाबांनी उतरवलेली पोती मोजली आणि ट्रॅक्टरकडे पाहिलं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

शाळेच्या पटांगणात वच्छीमामी बैलजोडीपाशी बसली होती. मला पाहून ताडकन उठली.

"आला वं माहा भाचा! बैलाईले काय आणलं?"

"साड्या आणल्या, मामी."

"बैलाईले?"

बैलांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीकडे पाहिलं.

"कडब्याची गंजी वाहून गेली, बाप्पा," मामी म्हणाली. "दोन दिवसांपासून दावणीत काडी नाई. तो पाह्य, ढोराईचा व्यापारी चकरा मारून राह्यला. आज चारा नाई भेटला तं जोडी जाते हातची. वासरं होते तवापासून वाढवले म्या."

विषय बदलावा म्हणून मी गठ्ठा सोडला, तर वरच मोरपंखी साडी.

"थांब!" मामीनं ती उचलली. "हे तं म्याच देल्ली तुह्या मायले! तुह्या लग्नात!"

"मामी, सारख्या दिसतात साड्या..."

मामीनं घडीतली चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. 'वच्छीमामीकडून आहेर.' अक्षर वळणदार. माझंच! घरात धड लिहिणारा हात एकच, म्हणून स्वतःच्या लग्नातल्या चिठ्ठ्याही मीच लिहिल्या होत्या. कोपऱ्यात नवरदेवाच्या हळदीचा अंगठासुद्धा होता. (कोर्टात याहून जास्त काय लागतं?)

मी गुपचूप फोन काढला. "बाबा, ते कुटार..."

"टॅक्टर अर्ध्या रस्त्यात हाये. मामाले म्या सकाळीच इचारलं."

बाबा पोचले. बैलांनी तोंड घातलं ते वर काढलंच नाही. व्यापारी दोन चकरा मारून निघून गेला. मामी बैलाच्या पाठीवर हात ठेवून रडली, मग मला म्हणाली, "शिकेल हायेस न? मंग बस अथी, एकेकाले इचार अन लिहून घे."

मी वही उघडली. पहिली म्हातारी म्हणाली, "परकर लिह्य. अन काडीपेटी. अन वर मोठ्या अक्षरात लिह्य, साड्या नोका आणू!"

निघताना मामीनं मोरपंखी साडी परत माझ्या हातात दिली.

"मायले दे. अन चिठ्ठी नवी लिहिजो. अक्षर तेवढं बरं हाये तुहं."

तीन वर्षं कॉलेज केलं, ते वाया गेलं असं कुणी म्हणू नये.