दोर राखणारे दादूकाका

रंभाकाकीची पहिली भाकरी तव्यावर फुगत होती आणि दादूकाका खिडकीच्या गजाला आरसा टेकवून दाढी करत होते. डिसेंबरात पनवेलला जे चार दिवस गारठा म्हणावा असा पडतो, ते दिवस चालू होते. काकी आता काहीतरी कुरकुर काढणार आणि काका गालाला फेस आहे म्हणून उत्तर टाळणार, एवढ्यात दारावर थाप पडली.

"काकी, मी जास्मीन! उघडा ना, गाडी गल्लीत आडवी लावलीय, टेम्पोवाला कोकलतोय."

काकीनं भाकरी उलटली आणि पिठाच्या हातानंच कडी काढली. जास्मीन म्हणजे गावातल्या डोंगर चढणाऱ्या मंडळाची आताची म्होरकी. मोहल्ल्यातली मुलगी, आता शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजात असताना सलवारीवरच हार्नेसचे पट्टे आवळून ती पहिल्यांदा कातळाला भिडली, तेव्हा खाली दोर धरायला दादूकाकाच होते.

"कर्नाळ्याचा सुळका उद्या नाही, आजच करतोय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "उद्या म्हणे किल्ल्यावर कुठल्याशा ऑफिसची सहल आहे, बसा भरून. तिथं आरडाओरडा झाला की सुळक्यावरच्या मधमाश्या उठणार, नि आम्ही मध्येच लटकलेले. त्यापेक्षा आज उरकतो. काका, दोर तपासून झालेत ना?"

"झालेत," काका आरशातूनच म्हणाले. "आत खुंटीवर हायत. निळा नि तांबडा, दोनी घेऊन जा."

दोर तपासून झाले होते ते काकांच्या लेखी. काकीचे अजून तपासून व्हायचे होते.

मागची खोली मंडळाच्या सामानाची. लग्न होऊन काकी या घरात आली तेव्हा तिच्या मनात होतं की तिथं भाताची पोती ठेवावीत. पण खोलीत आधीच तंबू राहायला आलेले. पुढे विमानतळाच्या बातम्या सुरू झाल्या, जागांना भाव आला, लोक त्या खोलीसाठी भाडेकरू घेऊन दारात उभे राहिले. काका प्रत्येकाला चहा पाजत आणि परत पाठवत.

तसे ते एसटीच्या वर्कशॉपमधले. तरुणपणी दोस्तांनी त्यांना कर्नाळ्याला नेलं, तर सुळक्याच्या पहिल्याच टप्प्यावर अशी भोवळ आली की दोघांनी काखेत धरून खाली आणलं. दुसरा कुणी पुन्हा त्या वाटेला गेला नसता. काका पुढच्याच रविवारी गेले आणि सुळक्याच्या पायाशी उभे राहिले. तेव्हापासून पायाशीच. वरचा चढेल तसा दोर सोडायचा, तो निसटला तर धरायचा. सुळक्याचा माथा त्यांनी कधी बघितला नाही. कुणी चिडवलंच तर म्हणायचे, "वर काय हाय ते तुमाला ठाव. खाली कोण हाय ते माहीत असल्याबिगर गेलाव असतात का वर?"

मंडळाचं वर्ष या खोलीतच फिरायचं. पावसाळ्यात कातळ निसरडा, चढाई बंद. मग बुरशी धरू नये म्हणून तंबू घरभर पसरलेले असायचे, आणि आलेला पाहुणा तंबूखाली वाकून चहा प्यायचा. दसऱ्याला हातोडा, मेखा आणि लोखंडी कड्या पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहायचा. थंडीत मुक्कामाच्या सहली, म्हणजे स्लीपिंग बॅगा परतल्या की गच्चीवर उन्हात. उन्हाळ्यात शिवणकाम: सॅकचे तुटलेले पट्टे, तंबूच्या उसवलेल्या शिवणी, सगळं काकीच्या मशीनवर. नव्यांना काका दम देत. तंबू ओला गुंडाळायचा नाय. ओढा सुका दिसला तरी त्यात मुक्काम टाकायचा नाय. दोरावर पाय तर मुळीच नाय. दोर मळला तर सौम्य साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि सावलीतच वाळवायचा. काकीनं त्यात आपली भर घातली होती: "लोणचं नि दोर, दोघांनापन ओला हात लावायचा नाय."

पण खरं काम दोर तपासण्याचं. चढाई झाली की काका भिंतीला टेकून बसत आणि अख्खा दोर तळहातातून सावकाश ओढत. वरचं विणलेलं कवच धडधाकट असतं, आणि आतला गाभा मात्र कातळाच्या धारेवर ताण बसून तुटलेला असू शकतो. ते डोळ्यांना दिसत नाही. बोटांना कळतं. मध्येच एक मऊ जागा लागते, पिकल्या चिकूवर अंगठा रुतावा तशी. असा दोर सापडला की तो तिथल्या तिथं कापायचा, म्हणजे कुणी चुकूनही पुन्हा कमरेला बांधणार नाही. हा मंडळाचा नियम काकांनीच घातलेला.

मग काकांना साखर झाली, आणि हळूहळू बोटांची जाणीव गेली. काकीला ते आधी भाकरीमुळे कळलं. तव्यावरची भाकरी हातात धरून काका निवांत बोलत राहिले आणि संध्याकाळी बोटांवर फोड आले. तिनं विचारलं तर म्हणाले, "वर्कशॉपचे हात हायत, त्यांना काय होतंय."

त्यानंतर त्यांची दाढी रोजची झाली. जन्मभर हा माणूस रविवारी दाढी करणारा. काकीनं टोमणा मारला, "या वयात कुनासाठी एवढं घोटून?" काका म्हणाले, "डॉक्टरनी सांगितलंय, स्वच्छ राहायचं." डॉक्टरनी तर पायांकडे लक्ष द्या म्हटलं होतं. काकीनं ते मनात ठेवलं.

एका दुपारी ती झाडू घेऊन मागच्या खोलीशी गेली आणि दारातच थांबली. काका डोळे मिटून बसले होते आणि दोर गालावरून ओढत होते. कानापासून हनुवटीपर्यंत, अगदी सावकाश. बोटं गेली होती, पण गालाला अजून कळत होतं. खुंट वाढले की तेही कळलं नसतं, म्हणून रोजची दाढी.

काकी आल्या पावली मागे फिरली. ज्याच्या हाताच्या भरवशावर लोक कड्याला लटकतात, त्याला तुमचे हात गेले असं बायकोनं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या दिवसापासून काका नाक्यावर गप्पांना गेले की ती खुंटीवरचा दोर काढायची, आपल्या हातातून टोकापासून टोकापर्यंत फिरवायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. तिला कधीच काही सापडलं नाही. गालाचं काम चोख होतं.

पण या आठवड्यात तांबड्या दोराच्या वेळी ती बेसावधपणे चहा घेऊन आत गेली होती. काकांनी दोर चटकन खाली सोडला, घसा खाकरला, कप घेतला. मग पुन्हा कुठून सुरुवात केली, कोण जाणे. काकी नंतर सगळा दोर बघणारच होती, पण शिरढोणला बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं आणि ती काल दिवेलागणीलाच परतली, तेव्हा काका घरीच होते.

"बस गं आधी," ती जास्मीनला म्हणाली. "उपाशी सुळका चढतेस काय? भाकरी गरम हाय, नि सुकट हाय."

"काकी, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू दे. गाडी बाजूला लाव नि ये."

सुकटीचा वास गल्लीपर्यंत पोचलेला होता. जास्मीन गाडी लावून आली तेव्हा तिचं ताट वाढलेलं होतं आणि काकी जमिनीवर तांबडा दोर मोकळा करून बसली होती.

"हे काय?" घास मोडता मोडता जास्मीन हसली. "काकांनी तपासलाय ना? एवढा संसार झाला, अजून नवऱ्यावर भरोसा नाही?"

"भरवसा कसला? गुंडाळलाय बघ कसा वाकडा. मना वाकडं बघवत नाय."

"वाकडा कुठाय? काकी, तुम्ही फार संशयी बाई!"

"हायच मी संशयी," काकी मान वर न करता म्हणाली. "नारळपन दहा वाजवून घेते, नारळवाला हात जोडतो मना."

काका हसले नाहीत. टॉवेलनं फेस पुसत ते उंबऱ्यात उभे होते आणि बायकोच्या हातांकडे बघत होते.

दोर काकीच्या तळव्यातून सरकत होता. सरकता सरकता एका जागी ती थबकली. पुन्हा मागे घेतला. पुन्हा पुढे. इथं मऊ लागतंय का? की हाताचं पीठ धुताना गार पाण्यानं आपलीच बोटं बधिरलीत? काही नाही म्हणावं, तर पुढच्या काही तासांत ही पोर याच दोराला लटकणार. मऊ आहे म्हणावं, तर 'झालेत' म्हणणारा माणूस तिच्यासमोर खोटा पडणार.

तिनं दोर तसाच चिमटीत धरून पुढे केला. "अवो, हितं जरा बघता?"

काकांनी दोर घेतला आणि बोटांत दाबला. त्यांना काही लागत नाहीये हे काकीला दिसलं, आणि तिला दिसलंय हे काकांना. 'काय नाय' एवढंच म्हटलं असतं तर जास्मीननं दोर उचलून खांद्यावर टाकला असता.

काका खाली बसले. डोळे मिटले आणि दोर गालाला लावला. कानाखाली फेसाचा एक ठिपका राहिला होता, तो दोराला पुसला गेला.

जास्मीनचा हात ताटातच थांबला.

"हाय," काका म्हणाले. "मऊ हाय. आतला गाभा गेलाय. माज्याकडनं सुटला."

"काका, गालानं..." जास्मीन पाटावरून उठून जवळ आली.

"बोटांना नाय कळत आता. साखरेनं नेली. सांगायला पायजे होतं तुमाला."

"मीच मधी चहा घेऊन आले," काकी घाईघाईनं म्हणाली, "त्याच्यामुळं त्यांचं..."

"तू गप. चहा आणलास, गुन्हा नाय केलास." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "नि मी नाक्यावर गेलो का तू काय करतेस ते मना ठाव नाय असं वाटलं काय? माजा वेढा डावीकडनं पडतो. घरी येऊन बघतो तर उजवीकडनं. वरीसभर बघतोय."

"मग बोललाव का नाय?"

"तू बोललीस?"

काकी उठली आणि विळी घेऊन आली, कारण दोर तिथल्या तिथं कापायचा हा नियम होता. काकांनी विळीवर पाय ठेवला आणि मऊ जागेवर दोर धरून ओढला. तांबड्या कवचाच्या आतून पांढरे धागे निघाले, विस्कटलेले, निम्मेअधिक तुटलेले, शेवरीच्या कापसासारखे.

"या अल्ला," जास्मीन म्हणाली. तिनं तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ अंगठ्यानं दाबत राहिली. मग फोन काढून खोळंबलेल्यांना सांगितलं, आज नाही जमत, एका दोरावर सुळका होत नाही, सुळका काही पळून जात नाही. पलीकडून कुणीतरी वाद घातला असावा. "येऊन बघ मग," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

ती परत पाटावर बसली, पण भाकरीला हात लावला नाही.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली. "आपल्यातल्या नोमानच्या दुकानामागं गाळा रिकामा झालाय. सामान तिकडं हलवू या, असं मंडळात आधीच चाललं होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून. मीच विषय पुढं ढकलत होते."

काकीनं मागच्या खोलीकडे पाहिलं. भाताची पोती ठेवायची हौस होती खरी. आज ती खोली रिकामी डोळ्यांसमोर आणून बघितली, तर तिथं तिला पोती दिसेनात. रिकाम्या खुंट्या दिसल्या, आणि रविवारी दाढी करणारा नवरा दिसला.

काका उठले, आतून निळा दोर आणला आणि तो काकीच्या पुढ्यात ठेवला. तिनं टोक उचललं, हातात घेऊन ओढायला सुरुवात केली. तिच्या हातातून दोर पुढे सरकायचा, तो काका घ्यायचे आणि आपल्या मांडीवर वेढे घालायचे. डावीकडून. जास्मीन ते बघत राहिली.

"तपासायला आता रंभा बसंल," काका म्हणाले. "चोरून नाय, तुमच्यासमोर. तिचे हात चांगले हायत. सामान न्यायचं तर न्या, मी आडवा येनार नाय. एकच मागतो. दोर गुंडाळायचं काम तेवढं मना राहू द्या."