ऊद मेथात आईनं माझं वाचन थांबवलं

आई पहिल्यांदाच विमानात बसून अबू धाबीला आली आणि तिला उंच इमारती दाखवायच्या सोडून मी तिला माझा लेख ऐकवायला निघाले. वेडेपणाच, दुसरं काय! पण दुबईच्या ऊद मेथा भागातल्या मराठी मंडळींनी वाचनाचा कार्यक्रम ठेवला होता, आणि लेख आम्हा दोघींचाच होता. सहा वर्षांची असताना आश्रमशाळेच्या जीपनं मला आमच्या वारली पाड्यावरून नेलं. तिथं केस कापले, आमच्या बोलीत बोललं की छडी. आईनं मला जाऊ का दिलं, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. लेखात विचारलं होतं.

जाणार असाल तर सकाळीच निघा, दुपारनंतर दुबईच्या रस्त्यावर ट्रॅफिक जीव खातं. ऊद मेथात थाळी पंचवीस दिरहमला मिळाली. "म्हणजे सहाशे रुपये?" आई किंचाळली, आणि ताटात पापडाचा तुकडाही शिल्लक ठेवला नाही.

संध्याकाळी हॉल भरला. मी वाचायला लागले, "खडी उडून जीपची मागची काच फुटली. मी वळून पाहिलं. आई रस्त्यात गप्प उभी होती..."

"थांब गो!" आई खुर्चीतून उठलीच. "खडी कसली? ती काच मी फोडली! गोफणीनं!"

आमच्याकडे भातावरची पाखरं हाकायला गोफण लागतेच, आणि आईचा नेम पाड्यात नावाजलेला.

"धावत आले नि धोंडा सोडला. दुसरा लावलाच होता. पण काच फुटली तशी आत तू दिसलीस. तुला लागंल म्हणून हात खाली केला."

अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता आणि मी माइकसमोर ढसाढसा रडत होते.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? रडू नको, पुढं वाच."

दुसऱ्या दिवशी उम्म अल कुवैन. जरूर जा! शांत किनारा, गाडी लावायला जागाच जागा, टपरीवर कडक चहा. लांबपर्यंत चिटपाखरू नव्हतं. आईनं माझ्या ओढणीची गोफण केली आणि दगड असा भिरकावला की पार आत जाऊन पडला.

"आजी, वन मोर! प्लीज!" माझी लेक जुई नाचायला लागली.

"यल्ला!" आजी म्हणाली, म्हणजे 'चला!' आठवड्यात एवढं अरबी शिकली होती बया! जुईचा पहिला दगड मागेच पडला, आमच्या चपलांपाशी. आम्ही तिघी हसून हसून वाळूत बसलो. ओढणीचं वाटोळं झालं. होऊ दे.

घरी येऊन आईला जवळ बसवलं आणि लेख उघडला. 'आई रस्त्यात गप्प उभी होती' हे वाक्य खोडणार होते. मग तसंच ठेवलं, कारण ते खरंच आहे. पुढे फक्त एवढं लिहिलं : मला लागू नये म्हणून.