दोन लाख पूल आणि दोन कठडे

मे महिन्यात वऱ्हाडात जाते म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पण पेपरात एका उद्योगपतीची संपत्ती छापून आली होती, एक लाख कोटी रुपये, आणि जन्मभर गणित शिकवूनही तो आकडा माझ्या डोक्यात मावेना. त्याच पानावर तळाशी आमच्या अमरावतीकडच्या एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची चार ओळींची बातमी होती. त्या वर्षांत ती जवळजवळ रोज असायची. मी कात्रण पर्समध्ये टाकलं आणि नसरीनला फोन लावला. नसरीन माझी शाळेतली मैत्रीण, तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात सरकारी नर्स आहे.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं अमरावती. सकाळी स्टँडबाहेर गिलावडा खाल्ला, दही भरपूर मागून घ्या. तिथून अचलपूरची एसटी धरली, पुढे अंजनगाव, अकोटमार्गे तेल्हारा. एसटीची सगळी तिकिटं मिळून एका हॉटेलातल्या जेवणाइतकेही पैसे होत नाहीत. खिडकीची जागा मात्र सावलीच्या बाजूची घ्या. मी शहाणी उन्हाच्या बाजूला बसले आणि दिवसभर भाजून निघाले. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं होती, पेरणीची वाट बघणारी.

नसरीन स्टँडवर आली होती. गावात शिरण्याआधी नाला लागतो. त्यावर रपटा आहे, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा सिमेंटचा बसका रस्ता. नसरीन मधोमध थांबली.

"मागच्या साली मी इथूनच वाहून गेली होती. लसीचा डबा छातीशी, पाणी गुडघाभर. धराले काहीच नव्हतं. बाभळीत अडकली म्हनून वाचली."

हे ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. तिनं मला ते फोनवर कधीच सांगितलं नव्हतं, त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेत ग्रामसभा होती, विषय हाच नाला. सरपंच वासुदेवभाऊंनी अर्ज वाचला: आहे तोच रपटा एक हात उंच करून मिळावा. मी विचारलं, पूल का नाही मागत?

"बाई, इंजिनेर म्हने पुलाले पन्नास लाख लागतात. एवढे मांगाले जीव होत नाही. मोठं मांगतलं की कागद तसाच पडून राहते."

त्या गावाची ही रीतच निघाली. शाळेला तीन खोल्या हव्या होत्या, अर्जात दोन लिहिल्या, मिळाली एक. बाजारात समोरचा भाव पाडतो, इथे मागणारेच आधी आपला भाव पाडून जातात. मला राहवेना. कात्रण काढलं, खडू मागून घेतला आणि शाळेच्या फळ्यावर भागाकार मांडला. एक लाख कोटीत पन्नास लाखांचे पूल किती? दोन लाख. रोज एक पूल बांधला तरी पैसे संपायला साडेपाचशे वर्षं लागतील.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "एका मानसाजवळ? अन् तो झोपते कसा?"

"तो झोपते बराबर," वासुदेवभाऊ म्हणाले. "पन तो पैसा काई सरकारचा नाही, बाई."

बरोबरच होतं. मी म्हटलं, सरकारकडून जमिनी, करमाफी मागून घेताना तो लाजत नाही, तुम्हीच का लाजता? त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी "पूल" असं लिहायचं ठरलं. त्या रात्री नसरीनच्या अंगणात ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

येताना अकोल्याहून गाडी पकडली. जमलं तर अकोल्यापुढची पातूरची लेणी बघा. मी बघितली नाहीत, उन्हानं धीर सुटला होता. घरी आल्यावर कात्रण फ्रिजवर चिकटवलं. आता तो आकडा मला मोजता येतो, पण त्यानं बरं काही वाटत नाही.

चार दिवसांनी नसरीनचा फोन आला. अर्ज तयार होता, सोमवारी जाणार होता.

"पूलच लिहिला ना?"

"हो, पूलच. फक्त कठडे काढून टाकले. तेवढाच खर्च कमी. मीच सांगतलं."

त्या नाल्यात वाहून गेलेली ही, आणि कठडे नकोत म्हणणारीही हीच. मी तिच्यावर ओरडले. मग आवाज खाली आणला.

"नसरीन, अर्ज अजून गावातच आहे ना? तू स्वतःच्या हातानं लिही त्यावर. कठडे पाहिजेत, दोन्ही बाजूंना."

मग तिनं हळूच विचारलं,

"दोनी बाजूले?"